लोखंडी जिन्यावरचा ऑर्व्हिल

विल्मा हेब्नरला सिनेमाची मुळीच आवड नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अल्काझर थिएटरात येणाऱ्या मंडळींचा समज अगदी उलटा होता. दर वर्षी मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ही म्हातारी न चुकता येते, पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची धरते, पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून बसते, म्हणजे केवढी रसिक असेल, असं त्यांना वाटायचं. रसिक कसली! निम्मा सिनेमा ती पेंगत काढायची. गोष्ट तिला पाठ होती आणि फडतूसही वाटायची. लॅस्कर नावाचा एक गुंड, त्याला नादी लावणारी एक बाई, बंदरावरचा खून, ओले रस्ते, आणि उठल्यासुटल्या सगळ्यांच्या तोंडात सिगारेटी. "एवढीशी अक्कल असती तर पहिल्याच दिवशी गपचूप घरी गेला असता मेला," असं ती लॅस्करबद्दल शेजारच्या कॉन्चाला म्हणायची.

ती यायची एका चेहऱ्यासाठी. डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढाच वेळ तो पडद्यावर दिसायचा. तिच्या नवऱ्याचा, ऑर्व्हिलचा चेहरा होता तो. तो दिसला की तिचं काम झालं. मग खून कोणी केला आणि का केला, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं.

ऑर्व्हिल हेब्नर नेब्रास्कातली शेती सोडून लॉस एंजलिसला आला तो पडायला. पडणं हाच त्याचा धंदा होता. घोड्यावरून पडायचं, छपरावरून पडायचं, चालत्या ट्रकमधून पडायचं. कमवायचं ते हाडं मोडून, आणि नाव दुसऱ्याचं. त्यातून त्याची पाठ हुबेहूब हॉलिस बॅरेटसारखी होती. बॅरेट म्हणजे तेव्हाचा मोठा नट. बॅरेटसाहेबांनी ऐटीत दार उघडायचं, त्या दारातून खाली ऑर्व्हिलने कोसळायचं, आणि खाली पोचल्यावर कपडे झटकत पुन्हा बॅरेटसाहेबांनी उठायचं. या धंद्यात नियम एकच. तोंड दिसता कामा नये. पाठ दाखवा, खांदे दाखवा, टोपी दाखवा, पण तोंड दिसलं की सगळी मेहनत पाण्यात गेली. ऑर्व्हिलला या गोष्टीचा भारी अभिमान होता. इतकी वर्षं पडतोय, पण कुणी माझं नाक दाखवावं पडद्यावर, असं तो छातीला हात लावून सांगायचा.

विल्मा तेव्हा बर्बँकच्या विमानाच्या कारखान्यात पत्र्यांना रिबिटा ठोकायची. लढाईचे दिवस. कारखान्याच्या नाचात याने तिच्या पायावर पाय दिला आणि वर म्हणाला, "माफ करा, मला पडायची सवय आहे, उभं राहायची नाही." ती हसली, आणि हसली तिथेच फसली असं ती पुढे म्हणायची. लग्न झालं. संसार म्हणजे काय, दोन खोल्या, एक अंगण आणि अंगणात एक लिंबाचं झाड. लढाई संपली, कारखान्याने बायकांना घरी पाठवलं, आणि त्याच सुमारास ऑर्व्हिलला ‘अ नेल फॉर लॅस्कर’ या सिनेमात बॅरेटच्या बदली काम मिळालं.

सॅन पेद्रोच्या धक्क्यावर सिनेमासाठी एक लोखंडी जिना उभारला होता. लॅस्करला वरून गोळी लागते आणि तो गडगडत खाली येतो. कॅमेरा खाली. ऑर्व्हिलने वरपासून पाठमोरं यायचं होतं. निम्म्यापर्यंत तो आलाही तसाच. मग काय झालं देव जाणे, पायरी ओली होती म्हणा, बूट नवा होता म्हणा, त्याचा पाय भलतीकडेच गेला. टोपी उडाली, डोकं कठड्यावर आपटलं, मान फिरली, आणि क्षणभर त्याने थेट कॅमेऱ्यात पाहिलं. खाली पोचल्यावर तो उठला, हसला, सिगारेट मागून घेतली. पुन्हा एकदा घेऊ या का, असंही त्याने विचारलं. उजेड गेला होता, म्हणून कोणी हो म्हटलं नाही.

घरी आला तो पडलेल्या तोंडाने. विल्माने मटणाचा खिमा भाजून केला होता, बटाटे होते. त्याने काटा नुसता फिरवला.

"विल्मा, आज माझं तोंड दिसलं गं."

"दिसू दे की. एवढं देखणं तोंड काय टोपीखाली कुजवायचं?"

"थट्टा नको करू. सगळ्या गावाला कळेल. कापून टाकतील म्हणा ते. कापायलाच पाहिजे."

डोकं दुखतंय म्हणून तो लवकर आडवा झाला. सकाळी विल्माने चहाला हाक मारली तेव्हा तो थंड पडला होता. कवटीत रक्त साचलं होतं, असं डॉक्टर म्हणाला. स्टुडिओने सांगितलं की हेब्नर आमच्याकडून स्वतःच्या पायांनी चालत गेला, घरी काय झालं ते घरचं घर जाणे. बॅरेटसाहेबांकडून फुलांचं चक्र आलं. त्यावर नावही धड नव्हतं, नुसतं ‘मित्राला’. आणि ते दृश्य? ते तसंच राहिलं. जिना मोडून टाकला होता, माणूस मेला होता, पुन्हा काढणार कोण? पडद्यावर एवढासा चेहरा, कोण बघतंय!

विल्मा तेव्हा तो सिनेमा बघायला गेली नाही. कोण गेलं असतं? ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि पोरांना सूप वाढता वाढता म्हातारी झाली. कारखान्यातला एक भला विधुर एकदा विचारायला आला होता. तिने त्याला कॉफी दिली, लिंबं दिली आणि वाटेला लावलं. मूलबाळ नव्हतं. ऑर्व्हिलचे फोटो घरात दोनच. एक लग्नातला, त्यात तो पाठीला फळी बांधल्यासारखा ताठ उभा. दुसऱ्यात तो घोड्यावर, टोपी डोळ्यांवर ओढलेली, म्हणजे तिथेही तोंड नाहीच. वर्षं गेली तसा त्याचा हसताना, खाताना, चिडताना कसा चेहरा व्हायचा ते विल्माला आठवेनासं झालं. याचं तिला फार वाईट वाटायचं. स्वतःचा राग यायचा. आपण काय बाई आहोत, की ज्याच्यासोबत झोपलो त्याचं तोंड आठवत नाही!

सिनेमाही गडप झाला होता. हक्कांवरून दोन कंपन्या भांडत बसल्या, त्यामुळे तो टीव्हीवर नाही, कॅसेटवर नाही, कुठेच नाही. मग एकदा कॉन्चा कपडे धुवायच्या दुकानातून एक कागद घेऊन आली. कॉन्चा म्हणजे कॉन्सुएलो बारागान, कुंपणापलीकडची, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी.

"हा बॅरेट म्हणजे तुझ्या नवऱ्याचा पुढचा भाग ना गं?" तिने विचारलं.

कागदावर बॅरेटचं चित्र होतं, त्याच सिनेमाचं नाव होतं, आणि खाली डेक्स्टर पिंडर यांच्या प्रास्ताविकासह, असं छापलेलं होतं.

हा डेक्स्टर पिंडर दिवसा दातांचा डॉक्टर. पण जीव सगळा जुन्या काळोख्या गुन्हेपटांत, ज्यांना ही मंडळी नुआर म्हणतात. अशाच शौकीन लोकांचं एक मंडळ त्याने काढलं होतं. बंद पडलेल्या एका थिएटरच्या तळघरात ‘लॅस्कर’ची प्रत त्याला सापडली, आणि जगात दाखवण्याजोगी ती एवढीच होती. सिनेमाआधी तो रेघारेघांचा सूट घालून, टोपी तिरकी करून स्टेजवर यायचा आणि नट कोण, दिग्दर्शक कसा दारुडा, कोण कोणाबरोबर पळून गेलं, ते रंगवून सांगायचा. प्रेक्षकही तसलेच. पोरी जाळीच्या टोप्या घालून आलेल्या, पोरं बापाचे कोट घालून. "हे काय, मयतीला आलेत की लग्नाला?" असं कॉन्चाने पहिल्याच वेळी विचारलं होतं.

त्या पहिल्या दिवशी विल्मा पुढच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत बसली. जिना आला. पाठ आली. त्याचीच पाठ ती, तिने लाखांत ओळखली असती. पाय घसरला, टोपी उडाली, मान फिरली, आणि ऑर्व्हिलने तिच्याकडे पाहिलं. भुवया वर गेलेल्या, तोंड जरासं उघडलेलं, अरेच्चा म्हणताना उघडतं तसं. गरम तवा चुकून धरला की तो अगदी असाच दिसायचा. तिला ते एकदम आठवलं. तवा, स्वयंपाकघर, सगळं भडाभडा आठवलं. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी टवाळ पोरगा ओरडला, "ए, तू कोण रे बाबा?" अख्खं थिएटर खो खो हसलं. बॅरेटच्या ऐवजी कोण हे भलतंच ध्यान, म्हणून हसले ते.

विल्माला वाटलं, उठावं आणि छत्री हाणावी त्याच्या डोक्यात. कॉन्चाने तिला दंडाला धरून बसवलं.

पण पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. न जाऊन करते काय? तोवर ते ओरडणं म्हणजे रिवाजच झाला होता. जिना आला की सगळे घसा साफ करून तयार, आणि चेहरा दिसला की एकसुरात, "ए, तू कोण रे बाबा?" विल्माचा राग हळूहळू निवला. एवढे लोक एका दमात त्याची चौकशी करतात, जिवंतपणी कोणी केली नव्हती एवढी, असं तिला वाटायला लागलं. त्या कल्लोळात ती हळूच म्हणायची, "ऑर्व्हिल. माझा नवरा." कॉन्चाशिवाय ते कोणाला ऐकू जात नसे.

"सांग ना त्या डेक्स्टरला," कॉन्चा दर वर्षी मागे लागायची. "तोंड शिवलंय का तुझं?"

"सांगते आणि उभी राहते स्टेजवर! लोक मक्याच्या लाह्या खात खात माझा नवरा कसा मेला ते ऐकणार. नको गं बाई. मला बघू दे चार क्षण, बास."

चार क्षणही राहिले नव्हते. दोन-तीन वर्षांतच विल्माच्या लक्षात आलं की तोंड उघडायच्या आत चित्र बदलतंय. ती प्रोजेक्टर चालवणाऱ्या गसकडे गेली. गस हा कायम वैतागलेला म्हातारा.

"यंदा कमी दिसलं," ती म्हणाली.

"रिळाचं टोक आहे ते, बाई. फिल्म टोकालाच फाटते. फाटलं की तेवढं कापायचं आणि जोडायचं."

"पुढच्या वेळी कापू नको."

"कापू नको काय! तुमच्या झग्याला भोक पडलं तर तुम्ही शिवणार नाही होय?" म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून दर वर्षी ऑर्व्हिल थोडा थोडा जात राहिला. आधी उघडलेलं तोंड गेलं. मग भुवया वर जाणं गेलं. शेवटी नुसती वळलेली मान आणि दोन डोळे राहिले. विल्मा त्या क्षणी पापणी मिटू नये म्हणून बोटांनी डोळे ताणून धरायची. एखाद्याचं एकदाच मरण पुरत नाही की काय, असं ती कॉन्चाला म्हणाली.

आणि मग डेक्स्टरने ती बातमी दिली. कंपन्यांचं भांडण मिटलं होतं. सिनेमा नव्याने तयार होणार होता. बेल्जियममधून, अर्जेंटिनातून तुकडे गोळा करून, ओरखडे पुसून, पहिल्या दिवशी होता तसा. "जसा तो काढणाऱ्याच्या मनात होता, अगदी तसा तुम्हाला दाखवीन," डेक्स्टर स्टेजवरून म्हणाला, आणि टाळ्यांनी छत हललं. सगळ्यांत जोरात टाळ्या विल्माने वाजवल्या.

ते वर्ष तिचं आनंदात गेलं. पुन्हा तोंड उघडणार होतं. पुन्हा भुवया वर जाणार होत्या. तिने मोतीबिंदू काढून घेतला. डॉक्टर म्हणाला, या वयात घाई काय आहे? ती म्हणाली, मला मार्चच्या आत पाहिजे. मधूनमधून तिला छातीत धडधडायचं, तेव्हा ती स्वतःला दटावायची की खबरदार, मार्चआधी मरशील तर. आणि तो रविवार आला तेव्हा केस करून, निळं झगझगीत ब्लाउज घालून ती कुंपणाशी उभी राहिली.

"अगं बाई!" कॉन्चा म्हणाली. "नटलीस तर काय! तो तुला बघणार आहे की तू त्याला?"

"गाडी काढ गं मुकाट्याने."

थिएटर खचाखच भरलं होतं. डेक्स्टर नवा कोरा सूट घालून आला. त्याने विल्मालाही ओळखीची मान डोलावली. इतक्या वर्षांची गिऱ्हाईक ती! प्रास्ताविकात त्याने प्रयोगशाळेच्या गोष्टी सांगितल्या, आभार मानले, आणि शेवटी डोळा मारून म्हणाला, "जिन्याकडे लक्ष ठेवा, मंडळी. तिथे तुमच्यासाठी खास गंमत आहे." विल्माने कॉन्चाचं मनगट घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं.

चित्र खरंच सुंदर होतं. पाण्याचे थेंब मोजून घ्यावेत इतकं लख्ख. त्या दिवशी विल्मा पेंगली नाही. जिना आला. गोळीचा आवाज झाला. पाठ आली, इतकी स्वच्छ की कोटाची शिवण दिसत होती. पाय घसरला. टोपी उडाली. मान वळायला लागली. थिएटरभर लोकांनी ओरडायला श्वास घेतला.

आणि पडद्यावर एक बूट आला. पोलिसाचा चकचकीत काळा बूट, पाण्याच्या डबक्यात टेकलेला.

दोघे-तिघे सवयीने ओरडलेच, "ए, तू..." आणि मध्येच थांबले. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळेच वाजवू लागले. वा, काय बेमालूम! कुठे शिवण दिसतेय का बघा!

"कॉन्चा," विल्मा कुजबुजली, "मी डोळे मिटले का गं?"

"नाही."

"मग तुला दिसला?"

"नाही दिसला, विल्मा." कॉन्चाचा आवाज एवढा बारीक कधी झाला नव्हता.

सिनेमा संपेपर्यंत विल्मा तशीच बसून राहिली. गस चुकला असेल, पुन्हा लावेल, शेवटी वेगळं दाखवतील, असं काहीबाही ती मनाशी म्हणत होती. दिवे लागले. डेक्स्टर माइक घेऊन स्टेजच्या कडेला बसला. शेवटी प्रश्न विचारायचे, हा तिथला रिवाज. जाळीची टोपी घातलेल्या एका पोरीने पहिलाच प्रश्न केला, "तो जिन्यावरचा माणूस कुठे गेला?"

डेक्स्टर खुशीत हसला. "त्याचं श्रेय थोडं माझ्याकडे येतं. त्या रिळाचं टोक कुठल्याच प्रतीत उरलं नव्हतं. फक्त आपल्या प्रतीत काही चित्रं होती. प्रयोगशाळेने मला विचारलं, घालायची का? मी म्हटलं, मुळीच नको. एका ढिसाळ बदली माणसाने इतकी वर्षं एका उत्तम दृश्याचा विचका करून ठेवला होता. दिग्दर्शकाला ते नकोच असणार. सरळ बुटावर जा, म्हटलं. आणि काय जमलंय बघा!"

पुन्हा टाळ्या. विल्मा उठून उभी राहिली. आजवर ती कधीच उठली नव्हती. माइक घेऊन कोणी तिच्याकडे धावलं, पण तिने तो घेतला नाही.

"डेक्स्टर," ती म्हणाली, "आपली जुनी प्रत कुठे आहे?"

"ती गेली, मॅडम. अटच असते तशी. नवी प्रत मिळाली की जुनी नष्ट करायची, नाहीतर चोर लोक तिच्या नकला करतात. गेल्या आठवड्यात आम्ही तिला करवत लावली. तुम्ही बाहेर फोटो पाहिला नाही का?"

"करवत लावली."

"हो. का बरं?"

"तो ढिसाळ नव्हता," विल्मा म्हणाली. शब्दन् शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला. "ऑर्व्हिल हेब्नर नाव त्याचं. माझा नवरा. पाय घसरला आणि डोकं आपटलं त्याचं. त्या पडण्यानेच मेला तो, घरी येऊन, त्याच रात्री. डोकं आपटल्यावर तुमच्याकडे बघत होता तो, आणि तुम्ही हसत होतात. मी कधी काही म्हटलं का? हसा म्हटलं, हसा, पण बघा त्याच्याकडे."

डेक्स्टरने टोपी काढली.

"मॅडम... मला काय माहीत! तुम्ही कधी बोलला नाहीत. एका शब्दाने सांगितलं असतंत तर..."

"हो. माझंच चुकलं."

"तसं नाही म्हणत मी."

"मी म्हणतेय ना. आणि पोरा, तुला म्हणून सांगते. त्याचंही तुझ्यासारखंच मत होतं. तोंड दिसलं म्हणून त्याला घास गिळला नाही. कापून टाकतील, म्हणत होता. त्या स्टुडिओवाल्यांनी, ज्यांनी मला एक पै दिली नाही, त्यांनीसुद्धा कापलं नाही रे. तू कापलंस. तेही इतक्या प्रेमाने."

डेक्स्टरने माइक बाजूला ठेवला. तो खाली उतरून तिच्यासमोर आला. माणूस वाईट नव्हता, हेच तर सगळ्यात अवघड. वाईट असता तर विल्माने छत्री तरी हाणली असती. तो म्हणाला की कार्यक्रमाच्या पुस्तिकेत ऑर्व्हिलचं नाव घालतो, पुढल्या वर्षीचं प्रास्ताविक त्यांच्यावरच करतो, घरी फोटो असेल तर पडद्यावर दाखवतो.

"आहे ना फोटो. फळी बांधल्यासारखा उभा आहे त्यात," विल्मा म्हणाली. "तो तो नव्हेच."

"मग मी काय करू? काहीतरी सांगा."

"काय सांगू? इतकी वर्षं यांना त्याचं नाव माहीत नव्हतं, पण तो दिसायचा तरी. आता नाव माहीत झालं. जा घरी सगळे."

जाळीच्या टोपीतली पोरगी रडत तिला मिठी मारायला आली. विल्माने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला बाजूला केलं. तिला आता तिथे क्षणभरही थांबायचं नव्हतं. बाहेर भिंतीवर तो फोटो होता. डेक्स्टर आणि दोघे-तिघे, डोळ्यांना चष्मे लावून, रिळांवर करवत धरून हसत उभे. कॉन्चाने तिला तो बघू दिला नाही. मध्ये आडवी झाली.

दोघी गाडीत बसून घरी निघाल्या. बाहेर उन्हं अजून कडक होती. लोक अंगणात मांस भाजत होते, पोरं सायकली हाणत होती. कॉन्चाला मनातून डेक्स्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा होता, पण विल्माकडे बघून तिने जीभ आवरली.

"डोळ्यांसमोर तर आहे ना तुझ्या?" ती शेवटी म्हणाली. "इतक्यांदा पाहिलंयस. ते कुठे करवत लावणार आहेत? मीट डोळे. बघ."

"गाडी उभी कर."

कॉन्चाने एका झाडाखाली गाडी उभी केली. विल्माने मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"दिसतोय?"

"थांब जरा. येतोय." विल्माच्या ओठांवर अगदी पुसट हसू आलं. "पाठ आहे... कोटाची शिवण दिसतेय... टोपी उडाली बघ... मान वळतेय..."

कॉन्चाने वाट पाहिली.

"मग?"

"मग बूट आला," विल्मा म्हणाली. तिने डोळे उघडले, समोरच्या रस्त्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा घट्ट मिटले. पुन्हा बूटच आला.